सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी आलेली फूत्झ: उकळू का, किती, आणि जीभ झिणझिणली तर काय?

ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मिस्टरांची पोस्टिंग चीनमध्ये क्वांगचौला, सासूबाई चार महिन्यांसाठी तिकडे आल्यात, वय ६८, दोन्ही गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू. शेजारच्या चिनी काकूंनी प्रेमाने दोन गोष्टी आणून दिल्या. एक पाकीट, त्यात कडेला काळी साल असलेल्या, आतून पिवळट-तपकिरी, तेलकट चमक असलेल्या चकत्या, नाव फूत्झ. दुसरी काचेची बरणी, त्यात दारूत बुडवलेली मुळं, गुडघ्याला चोळायची आणि रात्री झोपताना छोटा पेलाभर प्यायची पण. ताई विचारतात की हा आपला बचनागच का (आयुर्वेदात शुद्ध करून वापरतात ते विषारी मूळ), चकत्यांचा काढा घरी करता येईल का, कुकरला किती शिट्ट्या काढायच्या, आणि नॅचरल आहे तर साइड इफेक्ट नसेल ना.

बरणी घरात आहे म्हणून आधी तेवढं सांगून टाकते, बाकीचं नंतर वाचा. बरणीतलं कोणी प्यायचं नाही, चमचाभर पण नाही, चाखून बघायला पण नाही. चोळायचं पण नाही. पाकीट बंद करून ठेवा, काढा करू नका, सासूबाईंना तपासून कोणी ही चकती लिहून दिलेली नाहीये हे एवढं एक कारण पुरेसं आहे. आणि आजपर्यंत त्यांनी त्यातलं काही घेतलं असेल आणि आत्ता ओठ, जीभ, बोटं झिणझिणत असतील, मळमळत असेल, तर हे वाचत बसू नका, १२० ला फोन करा आणि हॉस्पिटलला जा, आणि बरणी सोबत न्या.

आता मी कोण ते. मी एमबीबीएस सिच्वान प्रांतात लूचौला केलं, आपल्याकडची बरीच मुलं तेव्हा तिकडे जायची, परत येऊन स्क्रीनिंग परीक्षा दिली आणि आता बारा वर्षं पुण्यात इमर्जन्सीमध्ये काम करते. चिनी वैद्यकाची मी डॉक्टर नाही, पण सिच्वानमध्ये राहून ह्या मुळाशी संबंध येणार नाही असं होऊच शकत नाही, कारण हे मूळ तिथलंच आहे, आणि इकडे आल्यावर त्याच्या हिमालयातल्या भावंडाने आजारी पडलेली माणसं पण मी बघितलीत.

फूत्झचं झाड अ‍ॅकोनाइट कुळातलं, लॅटिन नाव अ‍ॅकोनिटम कारमायकेली. सिच्वानच्या उत्तरेला फू नदीच्या काठी च्यांगयो म्हणून गाव आहे, कवी ली पायचं गाव म्हणून चीनमध्ये प्रसिद्ध, तिथली फूत्झ शेकडो वर्षं सगळ्यात चांगली मानली जाते. माझ्या वर्गातली एक मुलगी तिकडची, तिच्या काकांची शेती होती, एका सुट्टीत मी गेले होते. निळी-जांभळी, टोपडं घातल्यासारखी फुलं येतात. जमिनीखाली एक मोठं मूळ असतं आणि त्याला चिकटून लहान मुळं फुगतात. आपल्याकडे हळदीला कसा जेठा गड्डा आणि त्याला बगल गड्डे असतात तसंच दिसतं, फक्त हा कंद नाही, मूळ आहे. आईमूळ वेगळं काढून वाळवतात त्याला छ्वानवू म्हणतात, आणि चिकटलेल्या पोरांना फूत्झ, शब्दाचा अर्थच चिकटलेलं पोर असा आहे. काका वसंतात झाडाच्या बुडाशी माती उकरून, हाताने चाचपून, बारकी पोरं काढून टाकायचे आणि दोन-तीनच ठेवायचे म्हणजे ती चांगली भरतात, आणि परत माती ओढायचे. काढणी जूनच्या शेवटापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत. मी एक ताजं मूळ उचलून बघत होते तर काकूंनी माझा हात धरून नळाखाली नेला, साबण लावायला लावला आणि माझी नखं तपासली. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हे पीक घेतात त्या घरातली ही सवय मी विसरले नाहीये.

ताजं मूळ तिथे कोणी खात नाही. काढलं की थोड्या वेळात सडायला लागतं, म्हणून ते लगेच दानबामध्ये टाकतात. दानबा म्हणजे मिठागरात मीठ काढून झाल्यावर जे कडूखारट पाणी उरतं ते, त्यात मुख्यतः मॅग्नेशियम क्लोराइड. काही दिवस भिजवतात, मग त्याच पाण्यात उकळतात, धुतात, काप करतात, परत पाण्यात भिजत घालतात, वाफवतात, वाळवतात. सालीसकट काप केले की काळ्या कडेच्या चकत्या होतात, त्या म्हणजे हेइशुनफ्येन, आणि ताईंनी वर्णन केलंय त्यावरून पाकिटात तेच असावं. साल काढून केलं की पिवळट पांढऱ्या चकत्या, त्या बाइफूफ्येन. आणि इथे एक घोळ आहे, बाइफूत्झ नावाची एक वेगळीच वनस्पती आहे, दुसऱ्या कुळातली, आणि ती पण कच्ची विषारीच. नावात एका अक्षराचा फरक. भाषा येत नसताना दुकानात जाऊन नाव सांगून वस्तू आणणं ह्यासाठीच मला धोक्याचं वाटतं.

ह्या सगळ्या खटाटोपात होतं काय ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. कच्च्या मुळात अ‍ॅकोनिटीन आणि त्याची एकदोन भावंडं असतात. अ‍ॅकोनिटीनच्या रेणूवर दोन छोट्या शेपट्या लावलेल्या आहेत असं समजा, एक अ‍ॅसिटिल आणि एक बेंझॉइल. पाण्यात भरपूर वेळ उष्णता दिली की आधी पहिली शेपटी तुटते, आणि जे उरतं त्याचा विषारीपणा शेकडो पटीने कमी होतो. अजून उकळलं की दुसरी पण तुटते आणि उरतो अ‍ॅकोनीन नावाचा पदार्थ, तो त्याहून कितीतरी सौम्य. म्हणजे पाणी, उष्णता आणि वेळ, ह्या तिघांनी मिळून विष मोडतं. मोठ्या माणसाच्या जिवावर बेतायला शुद्ध अ‍ॅकोनिटीन २ मिलिग्रॅम पुरतं असं टॉक्सिकॉलॉजीत शिकवतात, म्हणजे मिठाच्या काही कणांएवढं. आणि शेपट्या तुटल्यात की नाही हे चकतीकडे बघून मला कळत नाही, ताईंना कळणार नाही, काकूंनाही कळणार नाही. रंग तोच, वास तोच. ते लॅबमध्येच कळतं, म्हणून तर चीनच्या सरकारी औषधसंहितेत तयार फूत्झमध्ये ही विषं जास्तीत जास्त किती चालतील ह्याची मर्यादा घालून दिलीये.

तीच संहिता फूत्झचा डोस दिवसाला ३ ते १५ ग्रॅम सांगते, आणि पुढे स्पष्ट लिहिते की आधी एकटीच उकळायची, बराच वेळ. चिनी वैद्याच्या चिठ्ठीवर फूत्झच्या बाजूला बारीक अक्षरात श्येन-ज्येन लिहिलेलं असतं, म्हणजे हे आधी उकळा, बाकीची औषधं नंतर टाका. साधारण तासभर, डोस मोठा असेल तर दोन तास. म्हणजे कारखान्यात शोधन (विष कमी करायची प्रक्रिया) झालेल्या मालावर घरी परत एकदा तासभर उकळणं. आणि कच्चं छ्वानवू, कच्चं त्साओवू (हे अ‍ॅकोनाइटच्याच दुसऱ्या जातीचं मूळ, उत्तर चीनकडचं) आणि कच्ची फूत्झ ही तिन्ही १९८८ च्या सरकारी नियमात विषारी औषधांच्या यादीत आहेत, तिथे अशी २८ पारंपरिक औषधं आहेत. हाँगकाँगच्या कायद्यात विषारी वनौषधींची वेगळी यादी आहे, ३१ नावांची, तिच्यातही ही तिन्ही. ज्या देशाचं हे औषध त्यांनीच ह्याला एवढं जपून ठेवलंय.

आता शिट्ट्यांचं. ताई, प्रश्न चांगला आहे, कारण तत्त्व बरोबर आहे, दाबाखाली तापमान वाढतं आणि विष लवकर मोडतं. पण तुमच्या कुकरमध्ये किती पाणी, चकती किती जाड, माल मुळात किती शोधलेला, शिट्टीला किती मिनिटं, ह्यातलं काहीच मोजलेलं नाही. डाळ कच्ची राहिली तर परत लावता येते, इथे कच्चं राहिलं ते पोटात गेल्यावर कळतं. उलट बाजूने पण एक सांगते. युन्नान प्रांतात थंडीत फूत्झ नाहीतर त्साओवू मांसाबरोबर तासन्‌तास शिजवून खायची पद्धत आहे, अंगात ऊब येते म्हणून, आणि विषबाधा पण तिकडे वारंवार होतात. युन्नान उंचावर आहे, कुनमिंग समुद्रसपाटीपासून १९०० मीटरच्या आसपास, तिथे पाणी ९४ अंशाच्या आगेमागे उकळतं. म्हणजे पातेलं खळखळतंय पण आतलं पाणी आपल्या मुंबईतल्या उकळत्या पाण्यापेक्षा थंड. जुनी माणसं सांगतात मध्येच गार पाणी ओतायचं नाही, लागलंच तर उकळतंच घालायचं, ते ह्यासाठीच. मोठ्या पातेल्यात नंतर कोणी मूठभर चकत्या अजून टाकल्या तर त्या बाकीच्यांइतक्या शिजत नाहीत, आणि वाढताना त्या कोणाच्या वाडग्यात गेल्या हे कोणाला ठाऊक नसतं.

मला जास्त भीती बरणीची वाटते. पाण्यात तासभर उकळल्याने विष मोडतं, दारूत नुसतं भिजवल्याने मोडत नाही, उलट दारू ते मुळातून छान ओढून घेते. आणि घरगुती बरणीत घालतात ते बहुतेक वेळा कच्चंच मूळ, कारण लोकांना वाटतं कच्च्यात ताकद जास्त. लूचौ तर दारूचं गाव, चीनभर तिथली बायजिऊ नावाची कडक दारू प्रसिद्ध, पन्नास टक्क्यांच्या वरची, प्रत्येक घरात औषधी दारूची बरणी. इंटर्नशिपमधली गोष्ट सांगते. संध्याकाळी साडेसातला एक गृहस्थ, पन्नाशीचे, स्वतः चालत आले. बायको सोबत. तक्रार काय तर तोंड "मा" झालंय. सिच्वानी लोकांना मा म्हणजे रोजचा शब्द, त्यांच्या मिरीने, ह्वाज्याओने, जीभ बधिर-झिणझिण होते ती मा. कोकणातल्या वाचकांना लगेच कळेल, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ जास्त पडलं आणि दाताखाली आलं की जे होतं तेच, तिरफळ आणि ह्वाज्याओ चुलतभावंडंच आहेत. त्यामुळे ट्रायाजच्या, म्हणजे आलेल्या पेशंटला आधी बघणाऱ्या नर्सने पहिला प्रश्न विचारला की हॉटपॉट खाल्लात का. ते म्हणाले जेवलोच नाही अजून. मग बायको हळूच म्हणाली, कंबर दुखत होती म्हणून ह्यांनी बरणीतलं थोडं घेतलं, नेहमी चोळायचे, आज हे प्यायले.

त्या नर्सबाईंनी पुढे काही विचारलंच नाही, सरळ रिससमध्ये, म्हणजे अत्यवस्थ पेशंटच्या खोलीत नेलं. मॉनिटर लावेपर्यंत त्यांना उलटी झाली, मग म्हणाले हात माझे नाहीत असं वाटतंय, बोटांची टोकं एकमेकांवर घासत होते. बीपी ८० च्या खाली. आणि मग मॉनिटरवर जे दिसलं ते मी तेव्हा फक्त पुस्तकात बघितलं होतं, एक ठोका वर तोंड करून, पुढचा खाली तोंड करून, परत वर, परत खाली, शिवणीच्या टाक्यांसारखं. बायडायरेक्शनल व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया, हृदयाच्या खालच्या कप्प्यांची जीवघेणी वेगवान लय. अ‍ॅकोनाइटची ही ओळखच समजा, डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध जास्त झालं तरी असंच येतं, म्हणून पेशंट कुठली गोळी घेतो हे विचारावंच लागतं. शॉक दिला, दहा सेकंद बरं, परत तेच. परत शॉक, परत तेच. अमिओडॅरोन हे ठोक्यांची लय सुधारायचं औषध चालू केलं, दोनदा हृदय बंद पडलं, दोनदा आम्ही छाती दाबली, दुसऱ्या वेळी मी पण रांगेत होते, दोन-दोन मिनिटांनी माणूस बदलत. रात्री एकच्या सुमाराला रिदम नीट व्हायला लागला. सकाळी ते गृहस्थ शुद्धीवर होते आणि बायकोला विचारत होते दुकान उघडलं का. तीन दिवसांनी चालत घरी गेले. ह्या विषाचं असंच आहे, पहिला दिवस काढला तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो, हृदयाला कायमची इजा सहसा होत नाही. म्हणून छाती दाबायचं लवकर सोडायचं नाही, दीड-दोन तास दाबून वाचलेली माणसं आहेत, आणि जिथे सोय आहे तिथे एक्मो लावून विष उतरेपर्यंत रक्त बाहेरून फिरवतात. उतारा असा कुठला नाही.

असं का होतं? आपल्या नसा आणि हृदयाच्या पेशींवर सोडियमची बारीक दारं असतात, क्षणभर उघडतात आणि मिटतात, त्यातून ठोका आणि संवेदना पुढे जातात. अ‍ॅकोनिटीन त्या दाराला पाचर मारतं, दार मिटतच नाही. ओठाजिभेच्या नसा आधी झिणझिणतात, मग बधिर होतात, मग हातपाय, पोट, आणि हृदय स्वतःच जागोजागी ठोके सोडायला लागतं. जपानमधल्या फुगू माशाचं विष बरोबर उलटं, ते हेच दार बंद करतं. १९८६ मध्ये ओकिनावाकडच्या इशिगाकी बेटावर एका बाईचा मृत्यू झाला, तपासात निघालं की नवऱ्याने तिला दोन्ही विषं एकत्र दिली होती, एकाने दुसऱ्याला अडवून धरलं म्हणून ती काही वेळ बरी होती, आणि लक्षणं दिसली तेव्हा तो तिच्यापासून लांब होता. एरवी एवढा वेळ मिळत नाही. लक्षणं दहा-पंधरा मिनिटांत सुरू होऊ शकतात, बहुतेकांना दोन तासांच्या आत होतात.

कातडीतून पण हे आत जातं. चोळण्याने होणारा त्रास पिण्यापेक्षा बराच कमी, पण गरम शेक देऊन वर चोळलं, खरचटलेलं असेल, वर प्लास्टिक गुंडाळलं, मग तोच हात न धुता भाकरीला लावला, ह्या सगळ्याची बेरीज होते. सासूबाईंच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का ते पाकिटावर बघा, त्याने पोटॅशियम कमी होऊ शकतं आणि तशा हृदयावर हे विष जास्त चिडतं.

आता बचनाग. हो, नातं सख्खं आहे. आपला वत्सनाभ म्हणजे हिमालयातला अ‍ॅकोनिटम फेरॉक्स आणि त्याच्या जवळच्या एकदोन जाती, त्यातलं मुख्य विष स्यूडोअ‍ॅकोनिटीन, काम तेच. आपल्या वैद्यांनी पण तो कच्चा कधीच दिला नाही, गोमूत्रात तीन दिवस उन्हात ठेवायचा, रोज गोमूत्र बदलायचं, किंवा पुरचुंडीत बांधून दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात अधांतरी टांगून, गाईच्या दुधात शिजवायचा. दोन संस्कृती, मध्ये हिमालय, आणि दोघांनी स्वतंत्रपणे भिजवा-बदला-शिजवा हेच शोधून काढलं, मला हे खरंच थोर वाटतं. महाराष्ट्रात तापासर्दीला सर्रास घेतात त्या त्रिभुवनकीर्ती रसात शुद्ध वत्सनाभ असतो. आपल्याकडे औषध नियमांच्या ई-१ परिशिष्टात, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, त्याचं नाव आहे, लेबलवर वैद्यकीय देखरेखीखाली घ्या असं छापावं लागतं, ते वाचा, शेजारणीने दिल्या म्हणून गोळ्या चघळू नका. पण डोस बघा. शुद्ध वत्सनाभ दिवसाला ८ ते १६ मिलिग्रॅम, आणि फूत्झ ३ ते १५ ग्रॅम. शेकडो पटीचा फरक. जात वेगळी, शोधन वेगळं, उकळणं वेगळं. म्हणून "आपल्याकडे पण वापरतात की" म्हणून इकडचा हिशोब तिकडे लावला किंवा तिकडचा इकडे, तर माणूस जाईल. एकदा आमच्याकडे एक जण आले होते, जडीबुटीवाल्याकडून बचनागाचं चूर्ण आणलं होतं, चिमूटभर मधातून घ्या म्हणाला होता, चिमूट कोणाची किती हा प्रश्नच नाही. तेही वाचले, पण त्यांची बायको दाराशी देवाचं नाव घेत उभी होती ते अजून दिसतं.

आणि नावाचा घोळ आपल्याकडेही आहे बरं का. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी कळलावीला, म्हणजे पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणाऱ्या वेलाला, बचनागच म्हणतात. त्याचं मूळ पण विषारी, पण विष पूर्ण वेगळं, कोल्चिसीन. त्यात आधी काही तासांनी जुलाब-उलट्या, मग दोन-तीन दिवसांनी रक्तपेशींची संख्या घसरते, नंतर केस गळतात. म्हणजे फोनवर कोणी "बचनाग खाल्ला" म्हटलं की मी आधी विचारते, वेलाचा की बाजारातला काळा खडा? उपचार दोन्हीचे वेगळे. तिसरं भावंड अतिविष, आपल्या बाळगुटीतलं. ते पण अ‍ॅकोनिटमच, पण त्यात ही विषं नाहीत, नावात विष असूनही सौम्य आहे. फक्त ते उगाळून बाळाला देता, तर ओळखीच्या खात्रीच्या दुकानातूनच घ्या, कारण वाळलेली मुळं एकमेकांत मिसळली तर वेगळी करणं सोपं नाही.

मिसळण्याची भीती मी उगाच घालत नाहीये. २०१७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून आणलेल्या औषधी चहाने दोन जणांना अ‍ॅकोनाइटची बाधा झाली, त्यातल्या एक बाई गेल्या. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कॅनडात टोरांटोजवळ मार्खमला एका हॉटेलात जेवलेले बारा जण आजारी पडले, सँड जिंजर नावाच्या आल्याच्या जातीच्या मसाल्याच्या पुडीत अ‍ॅकोनाइट मिसळलेलं निघालं. त्या लोकांनी औषध म्हणून काही घेतलंही नव्हतं, नुसते जेवले होते.

मग हे औषध वाईट का? मी तसं म्हणणार नाही. इ.स. २०० च्या सुमाराला चांग चोंगचिंग ह्या वैद्याने लिहिलेला एक काढा आहे, सी-नी थांग, फूत्झ, सुंठ आणि ज्येष्ठमध, हातपाय गार पडत चाललेल्या पेशंटसाठी. त्यात हृदयाला चालना देणारं काहीतरी खरंच आहे, फूत्झमध्ये हायजेनामीन नावाचा पदार्थ सापडलाय, तो खेळाडूंच्या बंदी असलेल्या औषधांच्या यादीत आहे, म्हणजे शरीरावर परिणाम करणाराच. अ‍ॅकोनाइटच्या दुसऱ्या जातींतून वेगळं काढलेलं लॅपाकोनिटीन चीनमध्ये वेदनाशामक म्हणून रीतसर मिळतं. लूचौला आमचे एक चिनी वैद्यकाचे शिक्षक फूत्झ द्यायचे, पण आधी नाडी, जीभ, झोप, तहान सगळं विचारून, थोड्या डोसने सुरुवात करून, आणि पेशंटला बजावून की काढा जिभेला मा लागला तर ओतून द्यायचा आणि मला फोन करायचा. कोणाला तोंडात उष्णता, तहान, लाल जीभ असेल तर ते देतच नसत. हा विचार त्या पाकिटामागे नाहीये. काकूंचं प्रेम खरं आहे, पण काकूंनी सासूबाईंची नाडी बघितलेली नाही. आणि ६८ व्या वर्षीच्या झिजलेल्या गुडघ्याला एवढी जोखीम घ्यायचं कारणही नाही, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन, बाहेर जाताना काठी, लावायचं साधं मलम, आणि एक्स-रे दाखवून ऑर्थोचा सल्ला, ह्याने बराच आराम पडतो.

आता लक्षणं दिसली तर काय करायचं ते नीट वाचा, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. ओठ-जीभ झिणझिणणं, तोंडाभोवती बधिरपणा, बोटं मुंग्या आल्यासारखी, मळमळ, घाम, छातीत धडधड, चक्कर, अशक्तपणा. ह्यातलं पहिलंच जाणवलं की निघायचं, दुसऱ्याची वाट बघायची नाही, कारण झिणझिणल्यापासून हृदय बिघडेपर्यंत कधी कधी अर्धा तासच मिळतो. उलटी करवायची नाही. तूप, दूध, मिठाचं पाणी, लिंबू काही पाजायचं नाही. आडवं झोपवायचं, चालवायचं नाही, उलटी होत असेल तर कुशीवर. चीनमध्ये १२०, हाँगकाँगला ९९९, भारतात १०८ किंवा ११२. स्वतःची गाडी काढण्यापेक्षा अ‍ॅम्ब्युलन्स बरी, वाटेत हृदय थांबलं तर तुमच्या गाडीत शॉक द्यायचं मशीन नसतं. डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा: अ‍ॅकोनाइट घेतलंय, किती वाजता, किती, दारूतलं की काढा. चीनमध्ये नुसतं "वूथौ" किंवा "फूत्झ" म्हटलं तरी कळेल, वूथौ हे त्यांचं ह्या सगळ्या जातीचं नाव. भारतात डॉक्टरने बघितलेलं नसेल तर दिल्लीला एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र २४ तास चालू असतं, त्यांना फोन करायला सांगा. त्रास नाही वाटला तरी, तोंडाने घेतलं असेल तर निदान मॉनिटरवर काही तास ठेवून घ्या म्हणा, ईसीजी एकदा नॉर्मल आला म्हणून लगेच घरी येऊ नका.

बरणीचं करायचं काय, तर बेसिनमध्ये घाईने ओतू नका, आधी बरणीचा आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो काढून मला दाखवा, अक्षरं वाचून मी सांगते नक्की काय आहे. तोपर्यंत झाकण घट्ट लावून, बाहेरून मोठ्या अक्षरात मराठीत आणि चिनीत विष असं लिहून, जेवणाच्या सामानापासून लांब, कुलपात. घरकामाला येणाऱ्या बाई असतील तर त्यांनाही सांगा. हात लावल्यावर साबणाने धुवा, नखांतून पण. आणि काकूंना दुखावू नका, सासूबाईंच्या हृदयाच्या डॉक्टरांनी मना केलंय एवढं म्हणा, आणि त्यांच्याही घरी अशी बरणी असेल तर ती कोण पितं हे प्रेमानेच विचारून बघा.